पुसलेल्या पानांचा दुसरा नंबर

झाडांच्या फोटोंच्या स्पर्धेत पहिल्या वर्षी परीक्षक माझ्या फोटोसमोर थांबले, चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "फोटो तो ठीक है, पर पौधा साफ नहीं है। खींचने से पहले पोंछ लेना था।"

व्हरांड्यात पंधरा-सोळा माणसं होती. कोणी हसलं नाही, पण माझ्या बाजूनं कोणी बोललंही नाही. पोंछ लेना था! नेमकं तेच करता येत नव्हतं. पण परीक्षक तोवर पुढच्या फोटोकडे सरकले होते आणि मागून ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

माझी बदली होऊन आम्ही नागपूरहून रायपूरला आलो तेव्हा राज्य नुकतंच झालं होतं. कार्यालयं भाड्याच्या इमारतींत होती, रस्ते खोदलेले होते आणि जो तो म्हणायचा, दोन वर्षांत बघा शहर कसं होतं ते. चौबे कॉलोनीत वरच्या मजल्याचं घर मिळालं, सोबत गच्ची मिळाली. गच्चीमुळे कॅक्टसचा नाद लागला. नाद म्हणजे फार नाही, साठेक कुंड्या. त्यात काटेवाले कमी आणि जाड, मांसल पानांची झाडं जास्त. त्यांना पाणी कमी लागतं, आणि मला हिशेबात बसणाऱ्या गोष्टी आवडतात.

रायपूरची धूळ मात्र कुठल्या हिशेबात बसत नव्हती. नागपूरची धूळ मातकट असते, झटकली की जाते. इथली काळी, बारीक, जरा तेलकट. शहराबाहेर लोखंडाचे कारखाने आहेत, वारा तिकडून वाहिला की गच्चीवर काजळीचा थर बसतो. सकाळी पुसलेल्या फरशीवर संध्याकाळी अनवाणी चाललं की तळवे काळे. दोरीवरची बनियन वाळेपर्यंत राखाडी. मी एकदा कठड्यावर पांढरा कागद ठेवून एका चौरस इंचात रात्रभरात किती कण पडतात ते भिंगातून मोजायला बसलो होतो. एकशे चाळीसच्या पुढे नाद सोडला. म्हणून इथं घराघरांत दोन्ही वेळेला फडकं फिरतं. पाहुणा आला तर आधी खुर्ची पुसतात, मग बस म्हणतात.

आता माझ्या झाडाबद्दल. एचेव्हेरिया म्हणतात त्याला. दिसायला दगडात कोरलेल्या कमळासारखं, पानं बोटाच्या पेराएवढी जाड. त्याच्या पानांवर पांढरी पिठी असते. काळ्या द्राक्षांवर असते तशीच, पण कितीतरी दाट. त्यामुळे झाड हिरवं दिसतच नाही, चंद्राच्या रंगाचं दिसतं. ही पिठी झाड स्वतः तयार करतं, उन्हापासून बचाव म्हणून. एकदा बोट लागलं की तिथली पिठी गेली. त्या पानावर ती परत येत नाही. मधून नवीन पान निघेल तेव्हा ते नवी पिठी घेऊन येतं, तेवढीच.

म्हणजे असं झाड रायपूरच्या गच्चीवर ठेवायचं. वरून काळे कण पडणार आणि पिठीत रुतून बसणार. पुसलं तर पिठी जाणार. ब्रशनं झटकलं तरी जाणार. तोंडानं फुंकलं तर थुंकीचे डाग. रबरी फुग्यानं हवा मारली तर निम्मे कण उडायचे आणि निम्मे शेजारच्या पानावर जाऊन बसायचे. फोटोत तर ते डोळ्याला दिसतात त्याच्या चौपट मोठे दिसायचे. आणि परीक्षक म्हणत होते, पोंछ लेना था.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की कण पडूच द्यायचे नाहीत. चार जाड तारा वाकवून त्यावर मलमलचं कापड शिवून घेतलं आणि झाडावर टोपीसारखं ठेवलं. हवा खेळत होती, ऊन गाळून येत होतं, काजळी कापडावर अडत होती. दर आठवड्याला कापड बदलायचं. जुनी, डागाळलेली खालची पानं गळून पडत गेली, नवीन येत गेली. पाऊस, त्यानंतरची थंडी, सगळं त्या टोपीत काढून झाड फेब्रुवारीपर्यंत असं झालं की मी स्वतः त्याच्याकडे दोन मिनिटं नुसता बघत उभा राहायचो. अडतीस पानं, एकावरही डाग नाही.

"माह्या पापडाले कधी एवढी मलमल नाही भेटली," बायको म्हणायची. पण दर आठवड्याला कापड धुऊन तीच द्यायची.

त्या फेब्रुवारीत आई आली. ती अमरावतीला मोठ्या भावाकडे राहते, वर्षातून एकदा महिना-दीड महिना आमच्याकडे. आल्या आल्या तिची या धुळीशी लढाई सुरू व्हायची. पहाटे उठून ती गच्ची झाडायची, पुसायची, कठडा पुसायची, पाण्याच्या टाकीचं झाकण पुसायची, आणि संध्याकाळी तेच काळं झालेलं बघून पुन्हा पुसायची. "कसलं गाव आहे रे हे," म्हणायची, "राजधानी म्हणे!" मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आई, त्या टोपीवाल्या झाडाले हात नको लावू." ती म्हणाली, "मले काय करायचं आहे तुह्या काट्यांचं."

फोटो द्यायची शेवटची तारीख रविवारची, संध्याकाळपर्यंत. त्याच रविवारी सकाळी मी फोटो काढायला बसलो. आदल्या दोन रविवारी ढग होते, आणि शनिवारपर्यंत कचेरी. सकाळी ऊन कठड्यावर येतं तेव्हा पंचवीसेक मिनिटं ते सौम्य असतं, त्यानंतर पांढऱ्या पानांचा नुसता चुना होतो. मागे राखाडी पुठ्ठा, डाव्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, कॅमेरा तिपाईवर. पांढरी वस्तू फोटोत उगाच काळवंडते, म्हणून कॅमेऱ्यातला उजेड दोन पायऱ्या वाढवून ठेवला. टोपी अलगद उचलून बाजूला ठेवली. एक कण नव्हता. कॅमेऱ्यातून बघितलं, मधली पानं नेमकी टिपली जात होती.

तेवढ्यात खाली नळ आला. मोटर चालू केली नाही तर वर टाकीत पाणी चढत नाही, आणि बायको नेमकी आंघोळीला गेलेली. मी खाली गेलो. मोटरनं पाणी धरलं नाही, ती दोनदा बंद-चालू केली, पाईपात तांब्यानं पाणी ओतलं. घाईघाईनं वर आलो.

आई कठड्याजवळ उभी होती, हातात ओलं फडकं. आणि झाड हिरवं होतं.

"घे," ती म्हणाली, "आता काढ फोटो. किती घाण बसली होती रे त्याच्यावर! पांढरी पांढरी बुरशी. पानन् पान पुसलं."

मी ओरडलो तो सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा. "आई! तुले सांगितलं होतं नं, हात नको लावू!"

"हात कुठं लावला? फडक्यानं पुसलं."

"पण पुसलं काहून?"

"काहून म्हंजे? फोटो काढून राहिला नं त्याचा? मंग असं कळकट ठेवाचं? तुह्या लग्नात फोटोवाला आला तवा तुहं तोंड बी मीच पुसलं होतं."

"ती बुरशी नव्हती, आई. ते त्याचं होतं. झाडाचं स्वतःचं."

"झाडाचं होतं तं येईन परत."

"नाही येत!"

"काहून नाही येणार? जरा पाणी टाक, खत टाक."

बायको ओले केस तसेच बांधून वर आली. "सकाळी सकाळी काहून ओरडून राहिले? खालचे लोक दारात येऊन उभे आहेत." मग तिची नजर झाडाकडे गेली. "अवं माय! हे तं ओळखू बी येत नाही." तिच्या मागून मुलगी आली. ती आमच्याशी हिंदीतच बोलते. तिनं झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वैसे चमक तो रहा है, बाबा।"

मी खाली जाऊन बसलो. डोक्यात हिशेब चालू होता. महिन्याला तीन-साडेतीन पानं येतात, पानं अडतीस. पहिल्यासारखं व्हायला पुन्हा एक वर्ष. तेही सगळं सुरळीत झालं तर.

थोड्या वेळानं वर गेलो तर आई झाडासमोर पाटावर बसलेली, मांडीत तिचा पावडरचा डबा. फुलासारख्या मऊ गोंड्यानं ती पानांवर पावडर थापत होती. तीन पानं झाली होती. गच्चीभर चंदनाचा वास.

"पावडरच पाहिजे होती नं तुले?" ती म्हणाली. "मंग आधी सांगाचं. हे पाह्य, होते नं पांढरं."

मला हसू आलं नाही. बायकोला आलं, ती तोंडाला पदर लावून जिन्यात गेली. मी आईच्या हातून डबा काढून घेतला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खाली गेली. पावडर काढायला मला ती तीन पानं पुन्हा धुवावी लागली. आता मीच पुसत होतो.

यंदा फोटो द्यायचाच नाही असं मी जेवताना सांगितलं. बायको पोळी वाढता वाढता थांबली. "वर्षभर ते कापड मी धुतलं. आता नाही देत म्हंता? मंग माहे कापडं धुतलेले कुठं गेले?"

तिचं बरोबर होतं. दुपारी उतरत्या उन्हात मी फोटो काढले. चाळीसच्या वर काढले. वारा सुटला होता, पुठ्ठा दोनदा पडला. इतक्या जवळून घेताना माझ्या कॅमेऱ्यात पुढचं पान स्पष्ट आलं की मागचं धूसर व्हायचं, मागचं आलं की पुढचं. पिठी असताना पानांची कड आपोआप उठून दिसायची. आता नुसत्या हिरव्या गुळगुळीत पानांवर उन्हाची चमक, प्लास्टिकच्या फुलासारखी. त्यातला एक बरा निवडून बुढापारा भागातल्या लॅबमध्ये नेला. लॅबवाला म्हणाला, "सर, कहिए तो कम्प्यूटर में पत्ते सफेद कर दूँ? पाँच मिनट का काम है।" नको म्हटलं. फोटोत काहीही घालायचं नाही, हा नियम आमच्या स्पर्धेत आहे आणि तो माझ्याच आग्रहानं आला होता. प्रिंट तशीच पोहोचवली.

ही स्पर्धा म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. आमच्यासारख्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, दोन डॉक्टर, काही घर सांभाळणाऱ्या बायका. एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंच्या पुरानी बस्तीतल्या घरी वर्षातून एकदा जमायचं, व्हरांड्याच्या भिंतीवर फोटो लावायचे, भजी खायची, एकमेकांना झाडांच्या कटिंग द्यायच्या. सगळ्यांची एकमेकांशी घसट, म्हणून परीक्षक बाहेरचा आणायचा ठराव. तो म्हणजे ओळखीतले एक स्टुडिओवाले. लग्नाचे अल्बम करतात. उजेडाची समज पक्की, झाडांची अजिबात नाही.

पुढच्या रविवारी मी निघालो तर आई चांगलं लुगडं नेसून तयार. "माहं झाड कसं दिसते मले बी पाहू दे," म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो त्याला आठवडा झाला होता, नाही म्हणवलं नाही. स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो.

परीक्षक भिंतीजवळून चालत आले, माझ्या फोटोपाशी थांबले. पुन्हा चष्मा कपाळावर. "ये देखिए," ते सगळ्यांना म्हणाले, "एक-एक पत्ता धुला हुआ। इसको कहते हैं मेहनत।" आणि प्रिंटखाली त्यांनी दुसऱ्या नंबरची चिठ्ठी लावली.

टाळ्या पडल्या. आई सगळ्यात जोरात वाजवत होती.

मी पुढे झालो. "भाईसाहब, ये नंबर मत दीजिए। ये पौधा खराब हो चुका है। इस पर सफेद परत होती है, वो पोंछने से निकल गई।"

"पर अब तो साफ लग रहा है।"

"साफ लग रहा है, वही तो खराबी है।"

लोक हसले. रेल्वेतले एक सदस्य माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भैया, इनाम मिल रहा है तो ले लीजिए। इतना सीधा होना भी ठीक नहीं।" मी पुन्हा सांगू लागलो. पिठी म्हणजे काय, ती कशी येते, परत का येत नाही. परीक्षक मान हलवत होते, ऐकत नव्हते. ज्यांना हे कळलं असतं त्या बाई आत भजी तळत होत्या.

बोलता बोलता माझं लक्ष व्हरांड्याच्या टोकाला गेलं. तिथं टेबलावर बाईंची स्वतःची झाडं मांडलेली असतात. आई तिथं उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना मंडळातल्या दोन बायका.

"अम्मा, आपने साफ कैसे किया? हमारे यहाँ तो काला का काला रहता है।"

"कुछ नहीं जी," आई तिच्या हिंदीत सांगत होती, "गीला फडका लेने का। और ऐसा, हलका-हलका।" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ते बाईंच्या पांढऱ्या एचेव्हेरियाच्या पानावर टेकवलं होतं.

मी धावलो. माझ्या आधी, आतून परात घेऊन येणाऱ्या बाई ओरडल्या, "अरे! अरे, रुकिए! ये क्या कर रही हैं आप!"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मागच्या रविवारी गच्चीवर माझा लागला होता तोच.

बाईंनी परात कोणाच्या तरी हातात दिली, कुंडी उचलून उजेडाकडे धरली. एका पानाचा अर्धा भाग हिरवा झाला होता. "ये वापस नहीं आता," त्या दोघींना म्हणाल्या. "मालूम है आप लोगों को? वापस नहीं आता।" त्या दोघी, परीक्षक, रेल्वेवाले, सगळे पुढे येऊन त्या पानाकडे बघू लागले. मी पाच मिनिटं घसा कोरडा करून जे सांगत होतो ते त्यांना त्या अर्ध्या पानावर दिसलं.

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आपका पूरा ऐसे हुआ?"

"अड़तीस के अड़तीस पत्ते," मी म्हटलं.

त्या भिंतीपाशी गेल्या, माझा फोटो नीट बघितला आणि त्याखालची चिठ्ठी काढून शेजारच्या फोटोला लावली. परीक्षक म्हणाले, "मैडम, फोटो तो फोटो है।" बाई म्हणाल्या, "पौधों की प्रतियोगिता है भैया, शादी का एल्बम नहीं है।"

म्हणजे मला हवं होतं ते झालं. माझं झाड खराब झालं हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि का झालं हेही. मला बरं वाटायला हवं होतं. पण आई टेबलापाशी तशीच उभी होती, पदराचं टोक अजून बोटाला गुंडाळलेलं. हिंदी तिला बोलता कमी येतं, कळतं सगळं. बाई नंतर तिच्याजवळ जाऊन "अम्मा, भजिया लीजिए" म्हणाल्या, हात धरून खुर्चीवर बसवलं. आईनं एकही भजं उचललं नाही.

स्कूटरवर ती एकदाच बोलली, तेही बुढा तलावाच्या वळणावर, हॉर्नच्या गोंगाटात. "सगळ्यांसमोर," म्हणाली.

घरी आल्यावर तिनं बायकोला सांगितलं, "दुसरा नंबर भेटला होता. यानं वापस करून टाकला." मी रात्री जेवताना पुन्हा समजावून बघितलं. द्राक्षांवर पांढरं असतं नं आई, तसं असतं ते. "मी तं धुऊनच खातो," म्हणाली, आणि ताट उचलून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. आई रोजच्यासारखी पुसून गेली होती. फरशी, कठडा, टाकीचं झाकण, सगळं चकचकीत. फक्त त्या कुंडीभोवती हातभर जागा काळी सोडलेली. त्याच्याही पुढच्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तो काळा गोल इतका ठळक झाला की जिन्यातून दिसायचा. मी म्हटलं, "आई, खालची फरशी पुसली तं काही होत नाही."

"नको. तुह्या झाडाचं तू पाह्य."

मग ती जाईपर्यंत तेवढी फरशी मीच पुसत होतो, कचेरीत जायच्या आधी, पॅन्टचे पाय वर दुमडून. आई दारात बसून तांदूळ निवडायची. कुठं काळं राहिलं असेल तर तिकडे नुसतं बोट दाखवायची, आणि ते पुसून होईपर्यंत बोट खाली घ्यायची नाही.